फ्यूज जळला, गाडी वाचली



आज आपण एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. वस्तू नखाएवढी. एक-दोन कप चहाच्या पैशांत मिळणारी. पण ती जळाली तर चालती गाडी अंधारात उभी राहते. आणि तिच्या जागी भलतेच काही बसवले तर गाडीला आगही लागू शकते. या वस्तूचे नाव आहे फ्यूज.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "आम्ही इथं अक्षरं शिकायला आलो. गाडीचं आम्हांला काय सांगता?" प्रश्न बरोबर आहे. पण जरा विचार करा. भाजी बाजारात जाते ती टेम्पोतून. बाळंतीण दवाखान्यात जाते ती जीपमधून. नांगरट ट्रॅक्टरने होते. मुलगा रिक्षा चालवतो, कुठे सूनबाई गाडी चालवते. गाडी आता आपल्या घरातली झाली आहे. आणि फ्यूजच्या डोक्यावर एक आकडा असतो. तो आकडा ज्याला वाचता येतो, त्याला फ्यूज बदलता येतो. ज्याला वाचता येत नाही, तो अंदाजाने काहीतरी बसवतो. म्हणून हे कामही वाचण्याचेच आहे.

हिंगण्याची वाट

आपण बसलो आहोत ते ठिकाण कर्वेनगर. पूर्वी याला हिंगणे बुद्रुक म्हणत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा बायकांना, मुलींना शिकवावे, त्यांना आपल्या पायांवर उभे करावे, हा हेतू. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर आला. सुरुवात झाली ती झोपडीत. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. शिकवण्याचे काम संपले की ते पुण्याहून पायी हिंगण्याला येत. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत यावे लागे.

पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. जिथे शाळा नाही तिथे शाळा पोचावी, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले. त्यांचेच नाव आज या वस्तीला आहे.

त्या चिखलाच्या वाटेवर आज गाड्यांची रांग असते. कर्व्यांच्या संस्थेत १९९१ सालापासून मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जवळच वेताळ टेकडीवर ए.आर.ए.आय. ही संस्था आहे. ती १९६६ साली निघाली. तिथे देशातल्या गाड्या तपासल्या जातात. तेव्हा या परिसरात गाडीविषयी दोन शब्द बोलणे अगदी योग्यच आहे. आणि हे फक्त पुरुषांनी ऐकायचे, असेही नाही.

फ्यूज करतो काय?

गाडीत एक बॅटरी असते. बॅटरीतून वीज निघते. ती तारांतून दिव्याला जाते, हॉर्नला जाते, काच पुसणाऱ्या वायपरला जाते. मळ्यात जसे पाटातून पाणी वाफ्याला जाते, तसेच हे आहे. पाटातून किती पाणी वाहते ते आपण डोळ्यांनी पाहतो. तारेतून किती वीज वाहते ते दिसत नाही. ती मोजतात. त्या मापाला अँपिअर म्हणतात.

वीज वाहिली की तार तापते. थोडी वाहिली तर थोडी तापते. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वीज दुप्पट झाली तर तार दुप्पट तापत नाही, चौपट तापते. वीज तिप्पट झाली तर नऊपट. म्हणून तारेतून भलती वीज वाहू लागली की बघता बघता तार लाल होते. तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळते. शेजारचे कापड, रबर, गादी पेटते.

हे होऊ नये म्हणून वाटेत फ्यूज ठेवलेला असतो. फ्यूजच्या आत एक बारीक पट्टी असते. ती मुद्दाम नाजूक केलेली असते. वीज जास्त झाली की सगळ्यांत आधी ही पट्टी वितळते. पट्टी तुटली की वाट तुटली. वीज थांबली. तार वाचली, गाडी वाचली.

शेतकऱ्याला हे नवे नाही. ट्रॅक्टरच्या काही अवजारांना एक साधा बोल्ट असतो. मोठा दगड अडकला की तो बोल्ट तुटतो. बोल्ट थोड्या पैशांत येतो. तो तुटला नाही तर आतला गिअर तुटेल, आणि मग हजारोंचा खर्च. म्हणून शहाणा माणूस तिथे पोलादी सळई ठोकत नाही. फ्यूजचेही तेच.

चांदी, तार आणि खिळा

आता खरी गोष्ट इथे आहे. फ्यूज जळाला की पुष्कळ लोक काय करतात? सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढतात. ती जळक्या फ्यूजला गुंडाळतात आणि परत खोचतात. कुणी तारेचा तुकडा लावतो. कुणी खिळाच घालतो. दिवा लागतो. माणूस खूश होतो. म्हणतो, "बघा, फुकटात काम झालं!"

पण झाले काय? वीज जास्त वाहत होती, म्हणून फ्यूज जळाला होता. ते कारण तसेच राहिले. आता वाटेत नाजूक पट्टी नाही. खिळा काही वितळत नाही. मग वितळणार कोण? डॅशबोर्डच्या मागे, गादीखाली, डिझेलच्या नळीजवळून जाणारी तार वितळणार. ती आपल्याला दिसतही नाही. आधी जळका वास येतो. मग धूर येतो. तोवर गाडी घाटात असते आणि मागे दहा माणसे बसलेली असतात.

कुणी म्हणेल, "बॅटरी तर बारा व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. तिला कशाला भ्यायचं?" झटका बसत नाही हे खरे. पण आग लागायला झटका लागत नाही. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये चुकून पाना आडवा पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते. ठिणग्या उडतात, पाना चटका देण्याइतका तापतो. बोटात अंगठी किंवा हातात धातूची बांगडी असेल तर तीही तापते आणि कातडी भाजते. म्हणून बॅटरीजवळ काम करताना अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे.

गावातल्या डीपीचे उदाहरण घ्या. डीपीवरचा फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे जाड तार बांधली, तर पुढे काय होते? फ्यूज जात नाही, डीपीच जळते. मग सारा गाव अंधारात, आणि उभे पीक पाण्यावाचून. गाडीतला खिळा म्हणजे तेच लहान रूपात.

आकडा वाचा

आता फ्यूज हातात घेऊन पाहू. पूर्वीच्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असत. काही गाड्यांत चिनी मातीच्या कांडीवर पट्टी बसवलेली असे. आजच्या बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा रंगीत फ्यूज असतो. त्याला खाली दोन चपटे पाय असतात. प्लॅस्टिक पारदर्शक असते, म्हणून आतली पट्टी दिसते. पट्टी अखंड असेल तर फ्यूज चांगला. पट्टी मधे तुटली असेल किंवा आत काळे डाग पडले असतील तर फ्यूज गेला.

फ्यूजच्या डोक्यावर आकडा छापलेला असतो. तो इंग्रजी आकडा असतो. घाबरू नका. फार थोडे आकडे ओळखायचे आहेत. इंग्रजी एक म्हणजे उभी काठी. शून्य आपल्या शून्यासारखेच. दोन आणि तीन आपल्या २ आणि ३ यांच्या जवळपास दिसतात. पाचाला वर आडवी रेघ आणि खाली उघडे पोट. साताला वर आडवी रेघ आणि तिला तिरका पाय. एवढे जमले की बहुतेक फ्यूज वाचता येतात.

प्रत्येक आकड्याला ठरलेला रंग असतो:

५ चा फ्यूज फिकट बदामी.
साडेसातचा तपकिरी.
१० चा लाल.
१५ चा निळा.
२० चा पिवळा.
२५ चा पांढरा, काचेसारखा.
३० चा हिरवा.

रंग ओळखीसाठी चांगला. पण रात्री, धुळीत, बॅटरीच्या उजेडात रंग फसवतो. बदामी आणि तपकिरी सारखेच वाटतात. म्हणून रंग पाहावा, आणि आकडा वाचून खात्री करावी.

नियम एकच आहे. जो आकडा निघाला तोच आकडा बसवायचा. १० चा निघाला तर १० चाच. "१० चा नाही, २० चा बसवू. चांगला दणकट राहील!" असे म्हणू नका. त्या वाटेची तार १० च्या हिशोबाने निवडलेली असते. तिच्यातून २० वाहू लागले तर ती चौपट तापेल. आणि फ्यूज मात्र गप्प बसून राहील.

थोडा हिशोब

हिशोब सोपा आहे, फक्त भागाकार. दिव्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात.

समजा, पुढचा एक दिवा ६० वॅटचा आहे. बॅटरी १२ व्होल्टची. साठ भागिले बारा, उत्तर पाच. म्हणजे एका दिव्याला ५ अँपिअर. दोन दिव्यांना १०. तिथे कारखान्याने १५ चा फ्यूज दिला असेल, तर थोडी सवड ठेवून दिलेला आहे.

आता कुणी हौसेने १०० वॅटचे दिवे लावले. शंभर भागिले बारा, म्हणजे आठ अँपिअरच्या वर. दोन दिव्यांचे साडेसोळाच्या वर झाले. फ्यूज १५ चा. तो तापत राहील, आणि आज ना उद्या जाईल. मग मालक म्हणेल, "ह्या गाडीचे फ्यूजच टिकत नाहीत." फ्यूजचा काय दोष? ओझे कुणी वाढवले?

फ्यूज बदलायचा कसा?

समजा, पावसाळ्याची रात्र आहे. पानशेतकडून पुण्याला येताना पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले. घाई करू नका. क्रमाने चला.

पहिले काम. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. हँडब्रेक ओढा. चारी बाजूंचे लुकलुकणारे दिवे चालत असतील तर ते लावा. बसलेल्या माणसांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. अंधारात गाडीमागे कुणी थांबू नये.

दुसरे काम. इंजिन बंद करा. दिव्याचे बटण बंद करा. किल्ली काढा.

तिसरे काम. फ्यूजची पेटी शोधा. पुष्कळ गाड्यांत एक पेटी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असते. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीजवळ असते. पेटीच्या झाकणावर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात नकाशा असतो. त्यात दिव्याचे, हॉर्नचे, वायपरचे छोटे चित्र असते, आणि शेजारी आकडा असतो. चित्र पाहा, आकडा वाचा, आणि तो फ्यूज कुठे आहे ते शोधा.

चौथे काम. फ्यूज सरळ वर ओढून काढा. पेटीत पुष्कळदा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो, तो वापरा. पक्कडीने हिसके देऊ नका. पट्टी उजेडाकडे धरून पाहा.

पाचवे काम. पट्टी तुटली असेल तर त्याच आकड्याचा आणि त्याच मापाचा नवा फ्यूज घ्या. दोन्ही पाय नीट खाचेत बसवा आणि बोटाने घट्ट दाबा. सैल बसलेला फ्यूजही तापतो.

सहावे काम. झाकण लावा. किल्ली फिरवा आणि दिवे लावून पाहा.

जवळ नवा फ्यूज नसेल तर? पेटीच्या झाकणात कधी कधी जादा फ्यूज ठेवलेले असतात. तेही नसतील, तर रेडिओसारख्या ज्या गोष्टीवाचून अडत नाही तिचा फ्यूज तात्पुरता काढता येतो. पण त्याचा आकडा तोच असला पाहिजे. पाऊस चालू असताना वायपरचा काढू नका. ब्रेकच्या दिव्याचा तर कधीच काढू नका. असा फ्यूज मिळाला नाही, तर रात्री दिव्यांवाचून गाडी हाकू नका. थांबा, आणि मदत बोलवा.

एक गोष्ट आणखी. फ्यूज चांगला निघाला आणि तरी दिवा लागत नाही, असेही होते. एकच दिवा गेला असेल तर बहुधा बल्बच गेलेला असतो. पण काही गाड्यांत उजव्या-डाव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, म्हणून फ्यूज पाहून घ्यावा. दोन्ही चांगले असतील तर तारेचा जोड सुटलेला असेल. ते काम मेस्तरीचे.

पुन्हा जळाला तर

नवा फ्यूज बसवला आणि लगेच जळाला. मग काय करावे? दुसरा बसवावा? नाही. तिथेच थांबावे. फ्यूज आपल्याला काहीतरी सांगतो आहे. ते ऐकावे.

कारणे नेहमीचीच असतात. तार पत्र्याला घासून तिच्यावरचे प्लॅस्टिक गेले असेल, आणि उघडी तार पत्र्याला टेकत असेल. उंदराने तार कुरतडली असेल. गाडी बरेच दिवस धान्याच्या पोत्यांजवळ उभी असेल तर हे हमखास पाहावे. दिव्याच्या जोडात पाणी शिरले असेल. वायपरखाली चिखल अडकून त्याची मोटर जाम झाली असेल. मोबाइल चार्ज करायच्या भोकात पोराने नाणे टाकले असेल. किंवा कुणी जादा हॉर्न, जादा दिवे त्याच तारेला जोडले असतील. डोळ्यांना दिसेल ते आपण पाहावे, आणि मेस्तरीला सांगावे. "फ्यूज गेला" एवढेच सांगू नये. "वायपर लावला की पंधराचा फ्यूज जातो" असे सांगावे. म्हणजे त्याचा शोध अर्धा होतो, आणि आपली मजुरीही वाचते.

मेस्तरीनेच तार किंवा चांदी लावून दिली तर? त्याला आदराने पण ठामपणे म्हणा, "दादा, फ्यूजच बसवा. आकडा मी वाचलाय."

काही फ्यूज मोठे असतात आणि बॅटरीजवळ स्क्रूने बसवलेले असतात. त्यांना आपण हात लावू नये. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्या आता आल्या आहेत. त्यांत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांच्यातली वीज बारा व्होल्टची नसते, जीव घेणारी असते. त्या तारांना, त्यांच्या पेटीला बोटही लावू नये.

धूर दिसला तर

चालत्या गाडीत जळका वास आला किंवा धूर दिसला, तर पुढच्या गावापर्यंत पोचायचा मोह धरू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. सगळ्यांना उतरवा, आधी पोरे आणि म्हातारी माणसे. गाडीपासून दूर न्या. सामानासाठी परत जाऊ नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट एकदम उघडू नका. वारा मिळाला की आग भडकते. ११२ किंवा १०१ या नंबरवर फोन करा. आणि गाडी कुठे उभी आहे ते नीट सांगा. रस्त्याच्या कडेच्या दगडावरचा आकडा आणि गावाचे नाव वाचून सांगितले तर मदत लवकर पोचते.

मंडळी, आता एक काम तुमच्याकडे. या आठवड्यात आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीची फ्यूजपेटी मालकाला विचारून उघडा. गाडी बंद असू द्या, किल्ली काढलेली असू द्या. काही उपसू नका. झाकणावरचा नकाशा वाचा. दिव्याचा फ्यूज कितीचा, हॉर्नचा कितीचा, वायपरचा कितीचा, हे वहीत लिहून घ्या. कुठे चांदी, तार किंवा खिळा दिसला तर मालकाला त्याच दिवशी सांगा. आणि प्रत्येक आकड्याचे दोन-दोन नवे फ्यूज एका डबीत घालून गाडीत ठेवा. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा, "फ्यूज". ते अक्षर तुमच्या हातचे असू द्या.